माळावरची फुलं, डिलाईल रोडला

आमची चाळ पाडली त्याला दोन पावसाळे होऊन गेले. डिलाईल रोडवरच्या त्या जागेभोवती आता पत्र्याचं कुंपण आहे आणि आत विटांचा, चुन्याचा, मोडक्या फरश्यांचा ढीग. मी समोरच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर राहते. गुडघ्यांमुळे खाली उतरणं होत नाही, म्हणून सकाळचा चहा गॅलरीत बसून घेते. परवा पाहिलं, तर त्या ढिगाऱ्यावर पिवळा धोतरा फुलला होता. एखाददुसरं झाड नव्हे, ढिगाची सगळी उतरण पिवळी. त्याला ना कुणी पेरलं, ना पाणी घातलं. एवढ्या उंचावरून दिसत नाहीत, पण मला ठाऊक आहे, पानं काटेरी, पाकळ्या पतंगाच्या कागदासारख्या पातळ. चहा निवेपर्यंत बघत राहिले.

फाल्गुन लागला की कोरड्या जमिनीला काय होतं, हे मला फार उशिरा कळलं. मी चाळीत वाढलेली मुलगी. माझ्या लेखी फाल्गुन म्हणजे मऊ पडलेलं डांबर, दुपारी तापलेल्या जिन्याच्या कठड्याला चुकून लागलेला हात, होळीसाठी गल्लीगल्लीतून ओढून नेलेल्या मोडक्या खाटा आणि गिरणीच्या भोंग्यानंतर उघड्या अंगानं व्हरांड्यात येऊन बसलेली पहिल्या पाळीची माणसं. सत्तावन्न साली भिंतीभिंतींवर ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ लिहिलेलं असे. पावसात पुसलं जाई, लोक पुन्हा लिहीत. संध्याकाळी मैदानात सभा, सकाळी प्रभातफेरी. आबा, म्हणजे माझे वडील, सभेहून घसा बसवूनच घरी येत आणि खुणेनं पाणी मागत.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मॅट्रिक झाले होते आणि गिरगावात नानांच्या फोटो स्टुडिओत फोटो रंगवायचं काम करत होते. तेव्हा फोटो काळेपांढरेच असत. त्यांवर पातळ रंगानं नवरीचं कुंकू, शालूचे काठ, बाळाचे गाल रंगवायचे. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी मला तिथं पाठवलं होतं. नानांनी आडनाव विचारलं, राहायला कुठं ते विचारलं. त्यातून त्यांना कळायचं ते सगळं कळलं असणार. मी उभीच होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“हात थरथरतो का?”

“नाही.”

“मग बस. तो ब्रश घे.”

त्यानंतर सहा वर्षं मी त्याच खुर्चीवर बसले.

आबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते आणि आई दुसऱ्या एका गिरणीत रिळाच्या खात्यात. दोघंही माणदेशातले. तिकडं पाऊस नावालाच. आदल्या आश्विनात आम्ही दीक्षा घेतली होती. आबांनी फळीवरचे देव स्वतः उतरवले, फळी धुतली आणि तिथं बुद्धाची तसबीर ठेवली. मग दोन महिन्यांत, ज्यांनी ही वाट दाखवली तेच गेले. त्या दिवशी आम्ही सगळे दादरपर्यंत चालत गेलो होतो. पुढं बरेच दिवस आबा जेवताना एक शब्द बोलत नसत. नंतर ते सभांना जाऊ लागले, आणि मला वाटतं, त्यामुळेच सावरले. मात्र एक गोष्ट त्यांनी पक्की ठरवली होती. गावाचं नाव घरात काढायचं नाही.

माघात आई जिन्यावरून पडली. दोन हातांत दोन कळश्या होत्या. एकही तिनं सोडली नाही, म्हणून पाय मोडला. परळच्या इस्पितळातून ती मांडीपर्यंत प्लास्टर घेऊन तिसऱ्या मजल्यावर आली आणि खिडकीखालच्या खाटेवर पडून राहिली. खिडकीतून गिरणीची चिमणी आणि हाताएवढं आभाळ दिसे. दरवर्षी फाल्गुन सरता सरता ती आठ दिवस रजा टाकून गावच्या जत्रेला जायची. त्या वर्षी जत्राही नव्हती आणि पायही नव्हता.

एका संध्याकाळी मी तिचे केस विंचरत होते. ती म्हणाली, “आता माळ फुलला आसंल.”

“कुठला माळ?”

“आपला. गावाकडचा. तुला काय ठावं? तू ल्हान असताना दोनदा आलीस फकस्त.” मग ती बोलतच राहिली. भुईला चिकटून वाढणारी रिंगणी, तिला वांग्यासारखी फुलं. पिवळा धोतरा. रुई. “समदं वाळून कोळ झाल्यालं असतंया बघ. गुराला काडी न्हाई. आन् मधीच ही फुलं. कुनासाठी फुलत्यात, कुनाला ठावं.”

आबा दाराशी येऊन उभे होते. ते म्हणाले, “ज्या गावानं पानी दिलं न्हाई, त्या गावाची फुलं कशाला आठवायची?”

आई म्हणाली, “पानी गावानं दिलं न्हाई. फुलांनी कधी न्हाई म्हटलं का?” मग म्हणाली, “द्येवाला जायाचं न्हाईच आता. पर माळ काय द्येवाचा हाय व्हय? गाव येशीच्या आत हुतं. फुलं येशीच्या भाईर, आपल्या अंगाला. माळ माझा हाय.”

आबांनी टोपी घातली आणि ते सभेला गेले.

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत नानांना विचारलं, “रानफुलांचे फोटो काढायचे असले तर कसे काढतात?” नाना तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या फोटोतल्या सुरकुत्या पेन्सिलीनं कमी करत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “कुणासाठी?” मी सांगितलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, कपाट उघडलं आणि घडीचा एक जुना कॅमेरा काढला. चामड्याचा भाता, पितळी कड, भात्याच्या एका घडीला चिकटपट्टी. मुदत उलटून गेलेला फिल्मचा एक रोल दिला. कॅमेऱ्याच्या डोळ्यावर बसवायचं एक भिंगही दिलं.

“हे लावलंस की फूल बरोबर एवढ्या अंतरावर पाहिजे,” म्हणाले आणि त्यांनी एक दोरी मोजून तिला गाठ मारली. “दोरीचं टोक भिंगाशी, गाठ फुलाशी. मग दोरी काढायची, श्वास धरायचा आणि दाबायचं. वारा असेल तर थांबायचं. फुलांना हलू नका म्हणून सांगता येत नाही. आणि सकाळी लवकर जा. उन्हं वर आली की पाकळीचा नुसता चुना होतो. आठ फोटो आहेत. नऊ नाहीत.”

आता कोरडी जमीन शोधायची होती. मुंबईत आणि माळ? पण शोधायला लागल्यावर मुंबई निराळीच दिसू लागली. वरळीच्या टेकडीवर काळा कातळ होता, त्याच्या भेगांत मातीचा भुगा. घोडपदेवला मोडक्या कुंपणाशी कचऱ्याच्या कडेनं रुई उभी होती. रुळांच्या कडेच्या खडीत, गिरण्यांच्या मागच्या भिंतींशी, वखारींच्या आवारांत पिवळा धोतरा होता. एवढी वर्षं मी त्यांच्या शेजारून शाळेत गेले होते, कामाला गेले होते. त्या फाल्गुनात मी पहिल्यांदा खाली बघत चालले. लोकांना वाटे, पोरीचं काही हरवलंय.

भुईरिंगणी मला वरळीच्या टेकडीवर सापडली. कातळावर पसरलेली, ताटाएवढी. पानांच्या शिरांनासुद्धा काटे. आणि मधे ते जांभळं फूल, आत पिवळ्या केसरांचा तुरा. मी गुडघे टेकले. खडा टोचला, परकर काट्यांत अडकला. दोरी लावली, काढली, श्वास धरला. खालून समुद्राचा वारा आला आणि फूल हललं. थांबले. पुन्हा श्वास धरला. पुन्हा वारा. असा अर्धा तास गेला असेल. त्या अर्ध्या तासात मला आईचा पाय, आबांचा अबोला, संध्याकाळची पाण्याची ओळ, यातलं काहीही आठवलं नाही. फूल थांबलं आणि मी दाबलं. आजही कुणी मला सुख म्हणजे काय विचारलं, तर तो गुडघ्याला टोचणारा खडा आठवतो.

घरी आले की आई विचारी, “गावली का?” मग जागा विचारी, माती कसली ते विचारी, शेजारी काय उगवलंय ते विचारी. तिला सांगताना मला माझंच पुन्हा दिसायचं. संध्याकाळी वंदना होत असे. त्यात बुद्धाला फूल वाहताना म्हणतात की हे फूल कोमेजतं तसाच हा देहही कोमेजणार आहे. एके दिवशी वंदना संपल्यावर आई मला म्हणाली, “हे खरंच हाय. पर कोमेजायच्या आदी बगाया तर पायजे की गं.”

आठवा फोटो काढला त्या सकाळी घात झाला. टेकडीच्या पायथ्याशी धोतऱ्याच्या झुडपासमोर मी बसले होते. त्या दिवशी जवळच मोर्चा निघणार होता, म्हणून सगळीकडे बंदोबस्त. ते मला ठाऊक नव्हतं. मागून आवाज आला, “ए पोरी, काय काढतेस?”

हवालदार होता. पन्नाशीचा, मिशा पिकलेल्या.

“फुलांचे फोटो.”

“फुलांचे? कुठे आहेत फुलं?”

मी धोतऱ्याकडे बोट केलं. त्यानं झुडपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग झुडपाच्या पलीकडच्या रस्त्याकडे. त्या रस्त्यावर पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या.

“ह्या काट्यांचे? मला शिकवतेस? कुणी पाठवलं तुला?”

“आईसाठी काढतेय. तिचा पाय मोडलाय.”

“आईचा पाय मोडला म्हणून काट्यांचे फोटो.” त्यानं हात पुढं केला. “आण इकडे.”

मी कॅमेरा छातीशी धरला होता, पण दिला. त्यानं उलटासुलटा करून पाहिला आणि खटका दाबून मागचं झाकण उघडलं. लख्ख ऊन होतं. फिल्म उन्हात कशी दिसते, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी रडले. तो जरा गडबडला. झाकण लावून कॅमेरा परत देत म्हणाला, “आम्हाला हुकूम असतो, बाई. जा घरी.” दोन पावलं गेल्यावर थांबला. “ते झाड डोळ्यांना वाईट. चीक लागला तर हात धू.”

तशीच गिरगावात आले. नानांना म्हटलं, “सगळं गेलं.” त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “किती वेळ उघडं होतं?”

“दहा आकडे मोजेपर्यंत.”

“मग सगळं कसं जाईल? फिल्म गुंडाळलेली असते. वरचे वेढे गेले. आतल्यांचं बघू.”

अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली आम्ही दोघं उभे राहिलो. रसायनाचा तो आंबूस वास, तबकडीत हलणारं पाणी. शेवटचे पाच फोटो काळेठिक्कर निघाले. पहिले तीन वाचले होते. रिंगणी, घोडपदेवची रुई आणि रुळाकाठचा धोतरा. पण तिन्हींच्या एका कडेनं ऊन आत शिरलं होतं. कागदावर छापल्यावर तिथं पांढरा झोत दिसत होता, फुलाकडे सरकत आलेला.

“कड कापून टाकू,” नाना म्हणाले.

का कोण जाणे, मी म्हटलं, “नको. राहू दे.”

रंगवायला मी ते घरी नेले. आईच्या खाटेशेजारी पाट मांडून बसले आणि रिंगणीला जांभळा रंग दिला. आई कोपरावर रेलून बघत होती. “लई जांबळी केलीस. वांग्याच्या फुलावानी कर. कडंनं फिक्कट.” मी कापसाच्या बोळ्यानं रंग उचलला. “हां. आता पानावर जरा धूळ घाल.” मी पानांवर मातकट हात फिरवला. मग त्या पांढऱ्या झोतावर अगदी पातळ पिवळा दिला, होता न होता असा. तिनं फोटो हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला.

“ऊन बरुबर आलंय,” ती म्हणाली. “असंच येतंया तिकडं. कडंनं. डोळं उगडू देत न्हाई.”

मी तिला हवालदाराचं सांगितलं नव्हतं. तेव्हाही नाही सांगितलं.

आबा पाळीवरून आले. डोक्यात कापसाचे तंतू, अंगाला तेलाचा वास. फोटो वाळायला खिडकीत ठेवले होते. ते हात धुवायला मोरीकडे निघाले होते, मधेच थांबले. रिंगणीच्या फोटोसमोर वाकले. मला वाटलं, आता उचलून बाजूला ठेवतील. आई डोळे मिटून पडली होती, पण जागी होती. वाकूनच आबा म्हणाले, “माजी दाढ दुकत हुती. आयनं ह्याच्या बियांची धुरी दिली. रातभर मांडीवर घिऊन बसली हुती.” दीक्षेनंतर त्या घरात गावाबद्दल त्यांच्या तोंडून रागाशिवाय आलेलं ते पहिलं वाक्य. मग त्यांनी हात धुतले आणि जेवायला बसले. जेवताना विचारलं, “धोतऱ्याचा एकच काडलास व्हय?”

नानांकडून दुसरा रोल मिळाला. या वेळी आबा माझ्याबरोबर येऊ लागले, दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात, सकाळी. वारा आला की धोतराचा सोगा पसरून फुलाच्या आड उभे राहत. साच्यावर उभं राहायची सवय असलेला माणूस, अर्धा अर्धा तास हलत नसे. एकदा कुणीतरी विचारलं, “काय चाललंय?” तर म्हणाले, “फोटू काडतीय माजी लेक.” इतक्या साध्या आवाजात की त्या माणसाला पुढं काही विचारावंसंच वाटलं नाही.

वैशाख पौर्णिमेला चाळीच्या पटांगणात बुद्धजयंती झाली. दीक्षेनंतरची आमची पहिलीच. निळ्या-पिवळ्या पताका लावल्या होत्या, दूधखिरीचं पातेलं होतं. आबांनी खोक्याच्या फळ्या घासून गुळगुळीत केल्या आणि त्यांवर माझे फोटो लावले. नवे-जुने मिळून अकरा. आईचं प्लास्टर चार दिवसांपूर्वीच निघालं होतं. पाय काडीसारखा झाला होता. ती एकेका पायरीवर बसत, सरकत, तीन मजले उतरली. कुणाला धरू दिलं नाही. खाली तिला खुर्ची दिली, फोटोंच्या अगदी समोर.

आधी आमच्याच चाळीतले लोक आले. मग शेजारच्या चाळींतले, कोकणातले, घाटावरचे, खानदेशातले. आणि एक गंमत सुरू झाली. ज्यानं त्यानं आपापल्या गावचं नाव सांगायला सुरुवात केली. फरशीच्या फटीतल्या एका लहानशा पांढऱ्या-पिवळ्या फुलाला कुणी एकदांडी म्हणालं, कुणी दगडीपाला, कुणी कंबरमोडी. “जखमेवर चोळतात हा पाला,” असं मात्र सगळेच म्हणाले. धोतऱ्याला उत्तरेकडचा एक साचेवाला म्हणाला, “हमारे यहाँ सत्यानाशी बोलते हैं,” आणि सगळे हसले, आईसुद्धा. आबांनी खिशातून पेन्सिल काढली. ते रात्रशाळेत उशिरा लिहायला शिकले होते. अक्षर मोठं आणि जपून काढलेलं. जो जे नाव सांगेल ते फोटोखालच्या कागदावर लिहू लागले. एका फुलाखाली चार नावं झाली, एकाखाली पाच. त्यांनी एकही खोडलं नाही, एकालाही बरोबर-चूक म्हटलं नाही.

शेवटचा फोटो मी रोलात एक जागा उरली म्हणून काढला होता. आमच्या आणि शेजारच्या चाळीच्या सामाईक नळाशेजारी, सुकलेल्या गटाराच्या भेगेत, नखाएवढं निळसर फूल. त्याचं नाव आईला सांगता आलं नव्हतं, नानांना नाही, कुणालाच नाही. त्याच्याखालचा कागद कोराच होता. शेजारच्या चाळीतल्या राऊळकाकी, मालवणकडच्या, सत्तरीच्या, त्या फोटोसमोर वाकून उभ्या राहिल्या.

“ह्या खयचा?” त्यांनी विचारलं.

“आपल्या नळाजवळचं, काकी,” मी म्हटलं.

“नळाजवळचा? मी तीस वर्सां थय पाणी भरतंय.” त्या आणखी वाकल्या. “खाली बघूक येळ खय गावता.”

आबा पेन्सिल धरून उभे होते. “काकी, तुमच्यात काय म्हणत्यात ह्याला?”

“नाव माका ठावक नाय.”

“मग काय लिव्हू?”

काकींनी पदरानं डोळे टिपले. बारीक बघून त्यांना पाणी आलं असावं. “काय लिवतलास? आज बघलंय, असा लिवा.”

आबा खाली बसले. फळीला हात टेकून, जिभेचं टोक दातात धरून, एकेक अक्षर काढत त्यांनी काकींच्याच बोलीत लिहिलं, ‘आज बघलंय’. मागची माणसं पुढं सरकली, ते वाचलं, आणि मग वाकून फुलाकडे पाहू लागली.